निधर्मी, अनैतिक आणि मनाची ग्वाही

प्रश्न असा आहे : एका व्याख्यानात ‘निधर्मी, म्हणजे अनैतिकच’ असं ऐकलं, हे दोन शब्द समानार्थी आहेत का? आणि देव न मानणाऱ्याला नीती येते कुठून?

समानार्थी मुळीच नाहीत. निधर्मी म्हणजे कुठलाही उपासनापंथ न मानणारा. वाईट वागणारा तो अधर्मी, आणि तो कुठल्याही पंथात सापडतो. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारण्याची ही खोड इतक्यांदा ऐकली आहे की आता कान किटले. ‘शेजारधर्म’ पाळताना शेजाऱ्याचा पंथ विचारतो का आपण? तिथे धर्म म्हणजे कर्तव्य. (‘निधर्मी’ अशुद्ध, ‘निर्धर्मी’ म्हणा, असं बजावणारेही भेटतात. त्यांनी आधी निनावी आणि निलाजरा यांचे हरवलेले रफार शोधून आणावेत.)

नीती ‘नी’ म्हणजे नेणे या धातूवरून आली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नेता, उपनयन ही भावंडंही ओळखीची. पण ‘नेत्र’ही याच घरातला, हे फारसं कुणी सांगत नाही! नेतो तो नेत्र. माझा लाडका सिद्धान्त इथूनच सुरू होतो : नीतीचं मूळ डोळ्यात आहे, कुणीतरी पाहतंय या जाणिवेत. ‘साक्षी’ घ्या. पाणिनी त्याची फोड ‘साक्षात् पाहणारा’ अशी करतो, आणि त्या ‘साक्षात्’च्या पोटातही ‘अक्षि’, म्हणजे डोळाच आहे. महाभारतातली शकुंतला दुष्यंताला भर सभेत हेच सुनावते : आपण एकटेच होतो असं तुला वाटतं, पण हृदयात राहणारा तो पुराणमुनी तुला ठाऊक नाही. रोमन लोकांचा सदसद्विवेकबुद्धीसाठीचा शब्द ‘कॉन्सिएन्शिया’, म्हणजे ‘सोबतीने जाणणं’, म्हणजे पुन्हा साक्षीदारच. वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियन या रोमन लेखकाने पहिल्या शतकात त्यांची एक म्हण नोंदवली आहे : सदसद्विवेक म्हणजे हजार साक्षीदार.

आणि आता तुकोबा. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ।।’ ग्वाही हा फारसी ‘गवाह’च्या कुळातला कचेरीतला शब्द. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त, पण खऱ्याखोट्याचा निवाडा करताना पिंजऱ्यात कुणाला उभं करतो? मनाला. देवाला नाही, ग्रंथाला नाही आणि बहुमताला तर नाहीच. भाषाशुद्धीवाले इथे ‘ग्वाही’ काढून ‘साक्ष’ घाला म्हणतील. घालून बघा, ओळीतली कोर्टाची सगळी धग निघून जाते.

हां, प्रश्न राहिलाच. नीती येते कुठून? डार्विनने १८७१ मध्ये ती कळपाने राहण्याच्या प्रवृत्तीत आणि चारचौघांच्या स्तुतिनिंदेच्या जाणिवेत शोधली. म्हणजे डोळे आधी बाहेरचे. ते आत कधी शिरले ते माणसालाही कळलं नाही. मग कुणी त्या आतल्या साक्षीदाराला देव म्हटलं, कुणी मन. नावावरून भांडा हवं तर. साक्षीदार दोघांकडेही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात चहा-कॉफीच्या दरपत्रकावर नुसतं डोळ्यांचं चित्र लावलं, तर लोकांनी पैशांच्या डब्यात जवळपास तिप्पट पैसे टाकले. (पुढच्या अभ्यासांनी या परिणामाबद्दल शंका काढल्या आहेत. मी मात्र डोळ्यांच्या बाजूने.)

जाता जाता एक. वर्तमानपत्रांतली ‘लवकरच पूल बांधू, अशी ग्वाही मंत्र्यांनी दिली’ ही वाक्यं कृपया थांबवा. ग्वाही डोळ्यांनी पाहिलेल्याची देतात. न बांधलेला पूल मंत्र्यांनी कुठे पाहिला? ते आश्वासन आहे, आणि त्यासाठी ‘आश्वासन’ हा शब्द चांगला धडधाकट आहे.