डार्क मोडला टेक्स्टचे कलर कुठले ठेवू?

तुम्ही लिहिलंय की साइटच्या डार्क मोडमध्ये काळ्यावर पांढरी अक्षरं टाकली, कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) २१ येतोय, तरी लोक म्हणतात डोळ्याला टोचतं. खरंय त्यांचं. २१ म्हणजे पैकीच्या पैकी मार्क, पण ज्यांना चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर आहे त्यातल्या बऱ्याच जणांना अशी अक्षरं कडेने पसरल्यासारखी दिसतात. बॅकग्राउंड #१२१२१२ (जवळजवळ काळ्या रंगाचा कोड) करा आणि मेन टेक्स्टला पांढराच पण ८७ टक्के ओपॅसिटीने (म्हणजे किंचित पारदर्शक), गुगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइनच्या नियमावलीत हेच दिलेलं होतं. कॉन्ट्रास्ट तरीही १४च्या आसपास राहतो, भरपूर झाला.

पण खरी गडबड पांढऱ्यात नसतेच, ती ग्रेमध्ये असते. तारीख, फोटोखालची ओळ, प्लेसहोल्डर (रिकाम्या इनपुट बॉक्समधली सूचना) असलं बारीकसारीक सगळं आपण ग्रे करून मोकळे होतो. डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली) नियम साध्या टेक्स्टला किमान ४.५, मोठ्या हेडिंगला ३. आता #८०८०८० घ्या, #१२१२१२ वर तो ४.७ येतो म्हणजे पास, आणि मग तीच तारीख तुम्ही कार्डवर (पेजवरच्या वेगळ्या चौकटीवर) टाकता, कार्ड जरा उजळ असतं, समजा #२०२०२०, की तिथे तोच ग्रे ४.१ वर येऊन नापास! म्हणून चेक करताना पेजच्या बॅकग्राउंडवर नाही, ते टेक्स्ट जिथे जिथे येतं त्यातल्या सगळ्यात उजळ पृष्ठभागावर करायचं. सरळ #९९९९९९ घ्या, दोन्हीकडे आरामात बसतो.

लिंकचा ब्राउझरवाला डिफॉल्ट निळा तर अजिबात ठेवू नका, #१२१२१२ वर जेमतेम २ येतो, आणि व्हिजिटेड म्हणजे आधी उघडलेल्या लिंकचा जांभळा १.७, म्हणजे दिसतच नाही म्हणा ना. फिकट आकाशी घ्या, आणि अंडरलाइन काढू नका, रंग नीट न ओळखणाऱ्यांना तोच आधार. एररचा गडद लाल पण असाच फिकट करून घ्यायचा.

साइट मराठीत असेल तर अजून एक, फॉन्टचं लाइट वेट टाळा. रंग पास झाला तरी बारीक साइजला अनुस्वार आणि रफार गायब होतात, ते कुठलंही टूल सांगणार नाही, मोबाइल हातात घेऊन ब्राइटनेस कमी करूनच बघावं लागतं.

बाकी चेक करायला क्रोममध्ये इन्स्पेक्ट करून स्टाइल्समधल्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की कॉन्ट्रास्टचा आकडा तिथेच दिसतो. तिथल्याच रेंडरिंग टॅबमधून डार्क मोड चालू करता येतो, सिस्टिमची सेटिंग सारखी बदलत बसायला नको. आणि सीएसएसमध्ये कलर-स्कीम डार्क (color-scheme: dark) लिहायला विसरू नका, नाहीतर बाकी सगळं काळं आणि स्क्रोलबार, इनपुट बॉक्स मात्र पांढरे फटक.