पहिली मॉडेल कार जोडताना
पहिल्या किटसाठी १:२४ हे प्रमाण निवडावे, कारण त्यात साडेचार मीटर लांबीची गाडी सुमारे १९ सेंटिमीटरची होते आणि आतील आसने, डॅशबोर्ड यांवर ब्रशने काम करण्याइतकी जागा मिळते. १:४३ मध्ये तीच गाडी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची उरते.

सुटे भाग, ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, कापण्यापूर्वी भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवावेत, कारण भाग साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेले तेलकट द्रव्य त्यांवर राहिल्यास रंग धरत नाही. बॉडीवरची साच्याची रेघ ओल्या, बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी आणि मगच प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) द्यावा. दारांच्या व बॉनेटच्या फटी प्रायमर आणि रंगाच्या थरांनी बुजू लागतात. त्या आधीच स्क्राइबरने (रेघा कोरण्याच्या टोकदार हत्याराने) किंचित खोल करून ठेवणे हे, माझ्या मते, महागडा एअरब्रश विकत घेण्यापेक्षा अधिक फळ देणारे काम आहे (कंटाळवाणे असले तरी). रंगाचे पातळ हात द्यावेत, जाड हात ओघळतो.

क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिकचे भाग जोडण्याचा गोंद) नीट धरत नाही, म्हणून जोडाच्या जागी तो खरवडावा. काचांजवळ सुपरग्लू मुळीच नको, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक पांढुरके पडते. तेथे सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरावा.