क्रमहॉर्न, केसरबाई आणि अकरावीतली लेक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक नाशिकला अकरावी सायन्सला आहे, सहा वर्षं रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची युरोपीय बासरी) वाजवते आणि आता म्हणते, ‘मला चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय संगीताचा अभ्यास करायचाय आणि ते रेडिओवर लोकांना ऐकवायचंय.’ तुम्ही विचारता, ‘यावर पोट भरतं का?’ भरतं, पण एका पगारावर क्वचितच. शिकवणं, वाजवणं, लिहिणं, बोलणं असं चार ठिकाणांहून थोडं थोडं गोळा होतं. हे तिच्या बाबांनाही मोकळेपणाने सांगा.

तिला हे वेड नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या संगीताच्या तबकडीमुळे लागलं, असं तुम्ही लिहिलंय. 1977 साली अंतराळात गेलेल्या त्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्यावरच सोळाव्या शतकातल्या अँथनी होलबोर्न या इंग्रज संगीतकाराची जेमतेम सव्वा मिनिटाची एक रचना आहे. ती वाजवलीय डेव्हिड मन्रो हा इंग्रज वादक आणि त्याचा वाद्यवृंद अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन यांनी. तुमच्या लेकीचा आदर्श तो हाच मन्रो.

या माणसाने केंब्रिजची पदवी घेतली ती इंग्रजी साहित्यात. त्याआधी तो पेरूमध्ये शिकवायला गेला होता, येताना तिथली लोकवाद्यं घेऊन आला. केंब्रिजमध्ये त्याला एका भिंतीवर टांगलेला क्रमहॉर्न दिसला. छत्रीच्या मुठीसारखं वाकलेलं लाकडी वाद्य. सनईसारखी दुहेरी पत्ती, पण टोपणाखाली झाकलेली, त्यामुळे ओठ तिला लागतच नाहीत. फुंकर कमी-जास्त करून आवाज लहान-मोठा करायला जावं, तर सूरच हलतो. भुंग्यासारखा एकसारखा गुणगुणणारा नाद. ते कसं वाजवायचं हे शिकवणारी गुरुपरंपरा उरलेली नव्हती. जुनी चित्रं, जुने ग्रंथ, संग्रहालयांतली वाद्यं यांवरून सगळं शोधून काढायचं होतं. घराण्यांच्या तालमीत वाढलेल्या आपल्याला हे नवल वाटतं: परंपरा तुटली, कागद तेवढा उरला. या विद्येचा खरा गाभा तोच आहे, आणि लेकीला त्याच कोड्याची ओढ आहे का, हे तिला जरूर विचारा.

मन्रोने 1971 पासून बीबीसी रेडिओ 3 वर मुलांसाठी ‘पाइड पायपर’ सुरू केला. आठवड्याला चार भाग, एकूण 655! शिवाय विद्यापीठात शिकवणं, टीव्ही मालिकांचं संगीत, स्वतःचा वाद्यवृंद. 1976 साली तो गेला तेव्हा अवघा 33 वर्षांचा होता. तबकडी आकाशात गेली ती त्यानंतर.

मन्रोची पदवीही संगीताची नव्हती, त्यामुळे सायन्स की संगीत, हे भांडण आज नको. बारावी होऊ द्या. पदवी इतिहासाची, साहित्याची, कशाचीही चालेल; रेकॉर्डरचा रियाज आणि पाश्चात्त्य स्वरलेखन मात्र रोज. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची स्कोला कँटोरम किंवा नेदरलँड्समधल्या हेगचं रॉयल कॉन्झर्व्हेटरी ही या विषयाची मोठी ठिकाणं. प्रवेश वाजवून दाखवल्यावर मिळतो, गुणपत्रिकेवर नव्हे. बाझेलमध्ये राहणं फार महाग आहे, शिष्यवृत्तीचा शोध दोन वर्षं आधी सुरू करा. तिथे रोजचा व्यवहार जर्मनमध्ये चालतो. पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात भाषेची सुरुवात करता येईल.

रेडिओसाठी मात्र थांबायची गरज नाही. आकाशवाणी नाशिकवर तरुणांच्या कार्यक्रमांची चौकशी करा. पुण्याला शिकायला गेलीच, तर विद्यापीठाचं विद्यावाणी हे रेडिओ केंद्र आहे.

आणि या रविवारी तिला एक काम द्या. क्रमहॉर्न म्हणजे काय, हे तिने पाच मिनिटांत आजीला समजावून सांगायचं, मध्ये दोन तुकडे ऐकवायचे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. आजीने मधेच काय विचारलं, तेही कापू नका. ते मला पाठवा, मी ऐकतो आणि तिच्याशी फोनवर बोलतो.