हॉस्पिटलात डॉक्टरांच्या ड्युट्या लावणं एवढं अवघड का असतं? एक्सेलमध्ये एकदा फॉर्म्युला टाकला की झालं ना?

मी डॉक्टर नाही, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात आठ वर्षं ड्युटी चार्ट माझ्याकडे होता म्हणून सांगतो. फॉर्म्युला मीपण टाकून बघितलाय.

आधी हिशोब बघा. कॅज्युअल्टीत, म्हणजे इमर्जन्सी विभागात, चोवीस तास एक डॉक्टर पाहिजेच, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एकाला ४८ तास धरले (हा आकडा केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममधला, रेसिडेंट म्हणजे हॉस्पिटलात काम करत पीजी शिकणाऱ्या डॉक्टरांसाठीचा, पाळला जातो का ते कुठल्याही रेसिडेंटला विचारा) तर नुसत्या त्या एका खुर्चीला साडेतीन डॉक्टर लागतात, आणि यात ओपीडी नाही, राऊंड नाही, पोस्टमॉर्टेम नाही की कोणाची रजा नाही. आमच्याकडे सगळे मिळून पाच. त्यात कोणालातरी जुन्या पोस्टिंगच्या गावच्या कोर्टाचं समन्स यायचं, मारामारीच्या केसमध्ये साक्ष द्यायला, मग तो दिवस गेलाच.

एक्सेल रकाने भरून देतं हो. पण नाईट केलेल्याला सकाळी ओपीडी नको, सलग दोनच नाईट, रविवार सगळ्यांना सारखे, असं एकेक टाकत गेलं की पाच माणसांत ते बसतच नाही, मग कुठला नियम मोडायचा ते आपणच ठरवायचं आणि शिव्या पण आपणच खायच्या.

गणपतीत तर विचारूच नका. चाकरमानी आलेले, ओपीडी तुडुंब, हायवेला अपघात, लेप्टोचे ताप, रात्री फुरसं चावलेला कोणीतरी येणारच, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना रजा हवी. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. मराठवाड्यातले एक डॉक्टर होते, म्हटलं यांना गणपतीचं एवढं काय, यांना दिवाळी देऊ. चार दिवस त्यांच्या नावावर टाकून चार्ट बोर्डावर लावला. डॉक्टर आले, चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाले, "अहो, याच दिवसांत आमच्या घरी महालक्ष्म्या असतात." म्हणजे आपल्या गौरीच की! गुपचूप व्हाइटनर काढला.

पुढच्या वर्षापासून जुलैतच एकेकाला विचारायला लागलो, तुमचा गणपती किती दिवसांचा? दीड दिवसवाला विसर्जन करून तिसऱ्या दिवशी सकाळी हजर, की गौरीवाले सुटले. शिमग्याला त्यामानाने बरं, पालख्या गावागावात वेगवेगळ्या दिवशी फिरतात, आपोआप वाटणी होते.

तुमच्यावर हे काम आलंच असेल तर आधी वर्षाचे सण आणि रविवारच्या नाईट वाटून टाका, मंगळवार-बुधवारवरून कोणी भांडत नाही. आणि अदलाबदलीला दोघांची सही घ्याच. एकदा "मी सांगतो त्याला" यावर विसंबलो, तर रात्रभर बसलेल्या मॅडम सकाळी अकरापर्यंत कॅज्युअल्टीतच, आणि फोनवर दोघंही म्हणतायत आज माझी नाही.