लॅब की कॉम्प्युटर?

प्रिय विद्यार्थिनी,

तू मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, लसींच्या संशोधनात जायचं नक्की आहे, पण 'लॅब की बायोइन्फर्मेटिक्स' (म्हणजे जनुकांची माहिती कॉम्प्युटरवर तपासणं) इथे गाडं अडलंय. त्यात कोडिंगची धास्ती. न्यूमोकॉकसचं, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचं, कवच तुला आवडतं असं लिहिलंयस, तर त्याच्यावरूनच बोलू.

हे कवच म्हणजे साखरेच्या साखळ्या. सध्याच्या लसी शरीराला ओळखायला शिकवतात ती हीच साखर, आणि तिचे १००च्या वर प्रकार, म्हणजे सीरोटाइप, सापडले आहेत. ६ए आणि ६बी यांच्या जनुकांत कळीचा फरक किती, तर डब्ल्यूसीआयपी या जनुकातलं एक अक्षर. तेवढ्याने एन्झाइममधलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि साखरेचा एक सांधा दुसऱ्या जागी जुळतो. हे दिसायला सिक्वेन्सच, म्हणजे जनुकातल्या अक्षरांचा क्रमच, वाचावा लागतो.

६सीचं मात्र उलटं झालं. जुन्या अँटीसीरमला (सीरोटाइप ओळखायला वापरतात तो अँटिबॉडींचा द्राव) फरक कळत नसल्यामुळे तो वर्षानुवर्षं ६ए म्हणूनच नोंदला जात होता. नेमकी एकच खूण ओळखणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी लावल्यावर काही '६ए' नमुने वेगळे वागू लागले, म्हणून कुणीतरी खोलात गेलं. डब्ल्यूसीआयएन हे जनुकच निराळं निघालं आणि २००७मध्ये ६सी स्वतंत्र सीरोटाइप ठरला. (ही नावं पाठ करत बसू नकोस, मलाही बघूनच लिहावी लागतात.) सात सीरोटाइपांच्या पहिल्या संयुग्म लसीत (साखर प्रथिनाला जोडून केलेली लस) ६बी होता. त्याच्यामुळे ६एपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळालं, ६सीपासून फारसं नाही. म्हणजे ६सीचा पहिला संशय आला तो लॅबच्या बेंचवर, कॉम्प्युटरवर नव्हे.

म्हणून माझं मत: मास्टर्स लॅबमध्येच कर, पण पायथन आणि थोडं संख्याशास्त्र आत्ताच सुरू कर. १५बी आणि १५सी या सीरोटाइपांचे सिक्वेन्स सार्वजनिक डेटाबेसवर फुकट मिळतात. डब्ल्यूसीआयझेड जनुकात 'टीए' ही जोडी सलग किती वेळा येते ते आधी डोळ्यांनी मोज, मग दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून मोज. एखादी जोडी कमी-जास्त झाली की जनुकाचं वाचन बिघडतं, साखरेवर अ‍ॅसिटिल गट चढत नाही आणि १५बीचा १५सी होतो. एवढं जमलं तर धास्ती निम्मी उतरेल.

गाइड निवडताना एक प्रश्न जरूर विचार: सिक्वेन्स काढल्यावर त्याचं विश्लेषण लॅबमधलेच विद्यार्थी करतात, की फाइल बाहेर पाठवतात? बाहेर पाठवत असतील, तर दुसरी लॅब बघ.