केमोच्या दिवशी आवडीचं खाऊ घालू नका

“मॅडम, हिला पुरणपोळी जीव की प्राण. केमोच्या दिवशी आईनं मुद्दाम केली. आता पुरणाचं नाव काढलं तरी हिला उमासे येतात. अशी उपाशी राहिली तर अंगात ताकद कुठून येणार?”

स्तनाच्या कर्करोगावर केमो, म्हणजे केमोथेरपीचे औषधोपचार, घेणाऱ्या एका ताईंच्या यजमानांचा हा प्रश्न. प्रेमापोटी असंच बहुतेक घरांत होतं. मळमळ होते औषधानं, पण मेंदू ती नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाशी जोडून टाकतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं. केमोच्या आधी नव्या चवीचं आइसक्रीम दिलेली मुलं पुढे तेच आइसक्रीम टाळू लागली. म्हणून आवडीचे पदार्थ केमोच्या आसपासचे दिवस ताटात नकोतच. ते बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवायचे.

दुसरी गोष्ट ताईंनीच सांगितली. उलटी होईल या धास्तीनं त्या काही न खाता केमोला जायच्या. रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढते. निघण्याआधी थोडी मऊ खिचडी किंवा टोस्ट खायचं ठरलं. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मूठभर कुरमुरे आणि थोड्या वेळानं उठायचं. दोन वेळच्या भरल्या ताटाऐवजी दर दोन-तीन तासांनी चार घास. पाणी जेवताना गटागटा नको, मधल्या वेळात घोट घोट.

खरी अडचण होती वासाची. दोन खोल्यांचं घर, लसणाची फोडणी पडली की ताईंना भडभडून यायचं. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई आपल्या हातचं नाकारतेय. त्यांना मी समोर बसवून समजावलं की गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून वाफाळता वरणभात नको वाटतो आणि घरी विरजलेल्या ताज्या दह्याचा गार दहीभात चालतो. मग ताई अंघोळीला गेल्या की सासूबाई खिडक्या उघडून फोडणी उरकू लागल्या. “खा गं” हा धोशाही थांबला. मला विचाराल तर निम्मं काम तिथेच झालं.

पण खाण्याच्या सवयी मळमळ थांबवणाऱ्या गोळ्यांची जागा घेत नाहीत. केमोच्या काही औषधांची मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळते आणि बरं वाटलं म्हणून घरचे नेमक्या तेव्हाच गोळ्या बंद करतात. डॉक्टरांनी लिहिलेले सगळे दिवस, घड्याळ लावून घ्या. ऑनडॅनसेट्रॉन या मळमळीवरच्या गोळीनं बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि त्यानंही मळमळ वाढते, तेव्हा शौचाला साफ होत नसेल तर लाजू नका, सांगा.

ताईंच्या यजमानांना मी एवढं कागदावर लिहून दिलं: दिवसभर पाणीही पोटात टिकलं नाही, लघवी कमी झाली, उभं राहताना चक्कर आली किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात फोन करा.