मे महिन्यात म्हातारा लॅब आणि अवखळ गावठी घेऊन नागपूर–पुणे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 20 मेच्या सुमारास लग्नाला नागपूरहून पुण्याला गाडीने जायचंय. सोबत 12 वर्षांचा लॅब्राडोर, ज्याचे मागचे पाय आता साथ देत नाहीत, आणि सव्वा वर्षाची गावठी कुत्री, जी गाडीत मिनिटभर स्वस्थ बसत नाही. दोघांना मागच्या सीटवर एकत्र मोकळं सोडलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. दोघांनाही नेता येईल, पण वेगळ्या तऱ्हेने.

आम्ही नेमकी तीच चूक केली होती. 4 वर्षांपूर्वी बंड्या (लॅब, तेव्हा 11 वर्षांचा) आणि चिंगी (गावठी, जेमतेम वर्षाची) यांना घेऊन चिखलदऱ्याला निघालो. मागच्या सीटवर रेक्झिनचं कव्हर, त्यावर एक चादर. परतवाड्यापर्यंत सगळं ठीक होतं. घाट लागला तशी प्रत्येक वळणावर चादर सरकायला लागली, बंड्या उठून उभा राहिला आणि चिंगी त्याच्या अंगावरून या खिडकीतून त्या खिडकीत. आम्हाला वाटलं, दोघं मजेत आहेत. वर पोचून दार उघडलं तर बंड्याला उतरता येईना. मागचे पाय लटलट कापत होते. चादर उचलली, तर खाली रेक्झिनवर नखांच्या लांबच लांब रेघा, शेजारी शेजारी, पार सीटच्या काठापर्यंत. घाटभर तो म्हातारा जीव नखं रोवून तोल सांभाळत होता आणि आम्ही पुढे बसून गप्पा मारत होतो. त्या रेघांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसलो होतो.

म्हातारं कुत्रं गाडीत उभं राहतं ते बाहेरचं बघायला नाही, खालच्या जागेचा भरवसा वाटत नाही म्हणून. सांधे आखडलेले, मांड्यांचं मांस गळलेलं, त्यात प्रत्येक ब्रेकला अंग सावरायचं. म्हणून सगळ्यात आधी त्याची झोपायची जागा नीट करा. आम्ही पुढे असं केलं: मागच्या सीटसमोरची पाय ठेवायची खोलगट जागा कपड्यांच्या बॅगांनी आणि जुन्या उशांनी ठासून सीटच्या पातळीला आणली. त्यावर न घसरणारी रबरी चटई, तिच्यावर फोमची गादी आणि सगळ्यात वर त्याची रोजची चादर, न धुतलेली, घरचा वास असलेली. पुढच्या खेपेला बंड्या वर्धा रोड संपायच्या आत कुशीवर पाय लांब करून झोपला होता.

चिंगीची जागा दुसऱ्या कडेला, मधे उभी सुटकेस घट्ट बांधलेली. तिला छातीचा हार्नेस आणि हार्नेसला सीटबेल्टची क्लिप. गळ्याच्या पट्ट्याला क्लिप कधीही लावू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो. पट्टी एवढीच ठेवा की तिला बसता आणि झोपता यावं, म्हाताऱ्यापर्यंत मात्र पोचता येऊ नये. पुढच्या सीटवर दोघांपैकी कोणालाच नको, एअरबॅग उघडली तर जिवावर बेतेल. काचेची बटणंही लॉक करा. चिंगीने एकदा पंजा ठेवून काच पूर्ण खाली केली होती, आणि तेव्हा ती क्लिपला नव्हती.

आता उन्हाचं. मला खरी काळजी याचीच आहे. तुमचा परतीचा प्रवास तर नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर येतोय. कुत्र्याच्या अंगाचं साधारण तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं आणि अंग थंड ठेवायला त्याच्याकडे मुख्यतः धापणं एवढाच उपाय. म्हाताऱ्या लॅबमध्ये कधीकधी घशाचे स्नायू ढिले पडतात, मग हवा नीट आत जात नाही. त्याचं भुंकणं अलीकडे घोगरं झालं असेल किंवा थोडं चाललं तरी श्वासाला घरघर लागत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याचं हृदय, किडनी आणि सांधे तपासून घ्या. तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, नाहीतर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, 1958 पासूनचं. डॉक्टर ‘मे महिन्यात नको’ म्हणाले तर त्याला ओळखीच्या माणसाजवळ घरीच, कुलरसमोर राहू द्या. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मीही एका वर्षी बंड्याला ठेवून गेलो होतो.

न्यायचंच ठरलं तर पहाटे 4 ला घर सोडा. समृद्धीने जाल असं धरतो. सकाळभर गाडी पश्चिमेकडे चालते, म्हणजे कोवळं वाटणारं ऊन मागच्या काचेतून थेट म्हाताऱ्याच्या पाठीवर येतं. मागच्या काचेला जाळीचा पडदा लावा आणि एसीची हवा गादीपर्यंत पोचते का, हे हात ठेवून बघा. पुढे बसणाऱ्याला गारठा वाजत असतो आणि मागे कुत्रं धापत असतं. गाडी बंद करून दोघांना आत ठेवून चहाला जायचं तर नावच काढू नका. बंद गाडीत 10 मिनिटांत तापमान साधारण 10 अंश सेल्सिअसने चढतं आणि काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. एक माणूस एसी चालू ठेवून कायम गाडीत, हा नियम आमच्याकडे कोणासाठीही मोडत नाही.

समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे, पण तुम्ही 90 च्या आसपासच राहा. गाडीचा हिसका म्हाताऱ्याला वेगापेक्षा जास्त त्रास देतो. कडेला वाटेल तिथे थांबता येत नाही, म्हणून पेट्रोल पंपांचे थांबे आधीच ठरवा, दीड-दोन तासांनी एक. म्हाताऱ्या कुत्र्याला लघवी फार वेळ धरवत नाही. हृदयाची औषधं चालू असतील तर त्याहूनही लवकर.

थांब्यावर उतरवायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी म्हातारा, चिमुरडी क्लिपलाच. ती आधी उतरली तर तिच्यामागे तोही उडी मारायला जातो आणि तेवढ्या एका उडीत पाय जायबंदी होतो. त्याला चढ-उतर करायला आम्ही प्लायवूडच्या फळ्यावर जाड पायपुसणं ठोकलं होतं. हा फळा आधी घरात जमिनीवर सपाट ठेवून त्यावरून चालवा, मग एका पायरीवर टेकवून, मग गाडीला. बंड्याला विश्वास यायला 15 दिवस लागले. फळ्यावरून येईना तर मांड्यांच्या पुढे, पोटाखालून रुंद टॉवेल घालून मागचा भार उचला.

धाकटीचं दार उघडण्याआधी पट्टा हातात हवा, मग क्लिप काढायची. पंपावरची कुत्री आपला इलाका राखतात, ती धावून आली की तुमची बिथरून रस्त्यावर पळू शकते. निघण्याआधी अंधारातच तिला अर्धा-पाऊण तास चालवा आणि वाटेत चघळायला काहीतरी द्या. आत्ता तीन-चार आठवडे हातात आहेत, तेवढ्यात फुटाळ्यापर्यंत, मग बुटीबोरीपर्यंत, मग एखाद्या रविवारी रामटेकपर्यंत सराव फेऱ्या मारा, दोघांना घेऊन. ती लाळ गाळत असेल किंवा ओकत असेल तर तो दंगा नाही, तिला गाडी लागतेय. त्यावर डॉक्टर गोळी देतात.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. पाणी घरचंच, थोडं थोडं. वाटेत कोणी प्रेमाने पोहे, समोसा पुढे केला तरी नाही म्हणा, कांदा कुत्र्यांना विषारी आहे. आणि पाय दुखताहेत म्हणून तुमच्याजवळची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन म्हाताऱ्याला चुकूनही देऊ नका.

धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल, हिरड्या गडद लाल दिसत असतील, झोकांड्या जात असतील तर ऊन लागलंय. पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि तसंच ओलं ठेवून जवळच्या डॉक्टरकडे न्या. बर्फ लावू नका.

माझ्या मते एका दिवसात पुणे गाठूच नका. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करा, लॉजवाल्याला ‘दोन कुत्री आहेत, एक मोठं आहे’ असं फोनवर स्पष्ट सांगून. खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर म्हातारा घसरेल, तर गाडीतली रबरी चटई वर नेऊन पलंगाजवळ अंथरा.

गाडी कोणती ते कळवा. हॅचबॅक असेल तर आमचा फळा बरोबर बसेल. बंड्या गेल्या डिसेंबरात गेला, तेव्हापासून फळा गॅलरीत उभा आहे, पायपुसण्यासकट. येऊन घेऊन जा. चिंगीला तो लागायला अजून वेळ आहे.